"दादा, गाडीला आधी काय बसवू?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो

नवी थार नाहीतर जिम्नी दारात आली, किंवा कुणी सेकंडहँड जिप्सी उचलली, की पेढे वाटायच्या आधी माझ्याकडं हा प्रश्न येतो. अंबाजोगाई, केज, परळी, लातूर, पोरगा कुठलाही असू द्या, विचारतानाच त्याच्या मोबाईलमध्ये फोटो तयार असतो, पुढं लोखंडी बंपर, टपावर लाइटबार, बाजूनं वर गेलेला स्नॉर्केल, म्हणजे इंजिनला उंचावरून हवा घेऊन देणारं नळकांडं. म्हणजे त्याचं सगळं ठरलेलं असतं, माझा फक्त होकार पाहिजे असतो. तो काय मी देत नाही. आपल्या भागात गाडीला जे खरंच कामाला येतं ते बाहेरून दिसतच नाही आणि त्याचा फोटोही चांगला येत नाही, अडचण तिथंच आहे.

आपला भाग म्हणजे वर बालाघाटाचा मुरूम आणि दगड, खाली उतरलं की काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पाऊस लागला की तीच माती फुगून अशी चिकटते की चप्पलसुद्धा सुटत नाही. अशा मातीत महागाचं मड टायरही थोडं पुढं गेलं की खाचा भरून गुळगुळीत होतं, मग ते मड टायर काय आन् झिजलेलं टायर काय, दोन्ही सारखंच. त्यामुळं टायर झिजेपर्यंत कंपनीचंच राहू द्या, नंतर एटी घ्या, म्हणजे डांबरी आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारं ऑल-टेरेन टायर. तोपर्यंत हवेचं मीटर आणि एक बऱ्यापैकी कॉम्प्रेसर घ्या. मऊ जागी ३२ ची हवा १८-२० वर आणली की टायर पसरतो, पकड वाढते, फक्त डांबरीवर चढायच्या आधी परत भरायची, कमी हवेत जोरात पळवलं तर टायर तापून फाटतो. मोठा कॉम्प्रेसर चिमट्यानं थेट बॅटरीवर लावायचा, लाइटरच्या सॉकेटला लावला की फ्यूज उडालाच म्हणून समजा.

दुसरं, ओढायची सोय. तुमच्याकडं कितीही सामान असू द्या, रुतल्यावर शेवटी येतो तो कुणाचा तरी ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरवाला मामा सोबत साखळी घेऊनच येतो, "कुठं अडकवू सांगा" म्हणतो आणि आपण सांगायच्या आत दिसेल तिथं अडकवून मोकळा होतो. ते कधी बंपर असतं, कधी स्टिअरिंगचा रॉड. म्हणून चासीला बोल्टनं पक्के बसवलेले हुक पुढं-मागं पाहिजेत, कंपनीचे असतील तर ते कुठं आहेत हे पावसाळ्याच्या आधी बघून ठेवा. ट्रॉली जोडायच्या गोल बॉलला दोर लावून झटका द्यायचा नाही म्हणजे नाही, तो बॉल तुटून गोळीसारखा येतो, माणसं मेलीत त्यानं. साखळी ताणली असताना तिच्यावर भिजवलेलं पोतं टाकायचं आणि बघ्यांना लांब हाकलायचं, हे सगळ्यात अवघड काम.

आता माझं आवडतं काम सांगतो. एक्सलच्या घरावर एक बारकं निपल असतं, ब्रीदर म्हणतात, ऑइल तापलं की हवा तिथून बाहेर जाते. तापलेली गाडी ओढ्याच्या गार पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते, ब्रीदर पाण्याखाली असेल तर तिथून आणि चिखलानं बुजला असेल तर सीलमधून पाणी आत. बाहेरून काही कळत नाही. नंतर कधीतरी ड्रेन बोल्ट खोलला की ऑइल पांढरट, दुधाळ निघतं, तोवर बेअरिंगचं काम झालेलं असतं. उपाय काय, तर निपलच्या मापाचा रबरी फ्यूएल पाइप घ्यायचा, चासीच्या कडेनं क्लिपा मारत बॉनेटखाली उंचावर न्यायचा, तोंडाला पेट्रोलचा छोटा फिल्टर लावायचा. एक्सल खालीवर होतो त्यामुळं पाइप थोडा ढिला ठेवा आणि सायलेन्सरपासून लांब न्या. पुढचा, मागचा, जमलं तर गिअरबॉक्सचापण. स्नॉर्केलच्या तुलनेत हा खर्च काहीच नाही.

स्नॉर्केलचं म्हणाल तर नव्या थारला कंपनीच ६५० मिलिमीटर पाणी चालतं म्हणते, म्हणजे दोन फुटांच्या वर, तेपण साचलेलं. नळकांडी पुलावरून वाहणारं दोन फूट पाणी अख्खी गाडी ढकलून नेतं, तिथं इंजिन श्वास घेतंय का नाही याचं काय करायचंय.

लाइटचं मात्र मला पटतं. कारखाने चालू झाले की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, एकदम समोर येतात. पण टपावरचा लाइटबार धुळीत उलटा आपल्याच डोळ्यावर येतो, शिवाय समोरच्याला आंधळं करतो. पिवळे फॉग खाली बंपरजवळ लावा, वायरिंग नीट करा. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ९ अँपिअरच्या वर करंट, तो स्विचमधून नाही, रिलेतून गेला पाहिजे, म्हणजे स्विचच्या बारक्या करंटवर मोठा करंट सोडणारी डबी, तिच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीची वायर, ८७ वरून लाइटला, ८५-८६ वर स्विच आणि अर्थिंग, आणि १५ चा फ्यूज अगदी बॅटरीजवळ. वायरमन जॉइंट पिळून काळी टेप मारतो, ती परभणी-नांदेडच्या उन्हात बॉनेटखाली चिकट होऊन सरकते आणि तांबं उघडं पडतं, म्हणून जॉइंट पक्कडीनं दाबून क्रिंप करून वर स्लीव्ह चढवून घ्या, समोर उभं राहून.

लोखंडी बंपर? केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना बुलबारवर, म्हणजे असल्याच बंपरवर, कारवाई करायला सांगितलंय, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदेशीर बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. ते सोडा, एअरबॅगवाल्या गाडीत धडक कशी शोषायची याचं गणित बिघडतं ते वेगळंच.

आणि हो, अजून एक, हे लईजण विचारायलेत. शेतातून आलं की दुसऱ्या दिवशी ८० च्या पुढं स्टिअरिंग थरथरतं, मग पोरं अलाइनमेंट करून येतात, बॅलन्सिंग करून येतात. आधी चाकाच्या आतल्या बाजूला हात घालून बघा, रिममध्ये काळी माती एका बाजूला वाळून बसलेली असते. पाणी मारायचं, भिजू द्यायचं, लाकडानं खरवडायचं, आणि लगेहाथ प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गाडीखालच्या फिरणाऱ्या दांड्याच्या, क्रॉसला ग्रीसचं निपल असेल तर ग्रीसगन मारून घ्यायची.