सव्विसावा चौकोन

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं आमंत्रण हातात पडलं, त्यावरचा 50 हा आकडा दिसला आणि मला एक जुनी बेरीज आठवली. 24 आणि 26, पन्नास. नाताळच्या कागदी चांदणीच्या पोटात जो घन आकार असतो त्याचे शिरोबिंदू 24, पृष्ठं 26, कडा 48. शिरोबिंदू आणि पृष्ठं यांची बेरीज कडांपेक्षा दोनने जास्त येते, हे ऑयलरचं सूत्र. ते मी परीक्षेसाठी पाठ केलेलं नाही. नाताळच्या सुट्टीत, वसतिगृहाच्या व्हरांड्यात, खळीने चिकट झालेल्या बोटांनी एकेक कोपरा मोजून काढलेलं आहे. मोजायला लावलं होतं आपल्या भूमितीच्या बाईंनी.

त्यांचं नाव लिहायची गरज नाही. आपल्या शाळेत ‘भूमितीच्या बाई’ म्हटलं की एकच चेहरा समोर येतो. समितीने शाळेविषयी लिहा असं कळवलंय. आंतरशालेय चषक, नव्या इमारतीचा पाया, सरांचं वाचनालय, सगळ्यांवर कोणी ना कोणी लिहीलच. मला मात्र लिहायला बसलं की बाईच दिसतात, तेव्हा मी त्यांच्याविषयीच लिहितो.

मी सातवीत होतो. आई आजारी होती आणि वडिलांचं पत्र आलं होतं, ‘या सुट्टीत येऊ नकोस, तिथेच राहा.’ 23 डिसेंबरच्या सकाळी वसतिगृह रिकामं झालं. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांना सांगतो, मुलं गेली की गाद्या गुंडाळून खाटांच्या डोक्याशी ठेवत. एका खोलीत सोळा खाटा, त्यातल्या तेरांवर गुंडाळ्या आणि तीन अंथरलेल्या. आम्ही तिघं मागे राहिलो होतो. एकमेकांकडे बघायचीही चोरी झाली होती, कारण बघितलं की कोणीतरी रडलं असतं.

नऊच्या सुमाराला बाई आल्या. काखेत कागदाचं भेंडोळं, एका हातात लाकडी गुण्या, दुसऱ्या हातात खळीचा डबा. दारात उभ्या राहून म्हणाल्या, “काय रे, तुमच्यातलं कोण रिकामं आहे? चांदणी करायची आहे आणि मला माणसं कमी पडतायत.”

हे वाक्य मी 40 वर्षं जपून ठेवलंय. ‘अरेरे, घरी गेला नाहीत का’ असं त्या म्हणाल्या नाहीत. ‘माझ्याकडे नाताळाला या’ असंही म्हणाल्या नाहीत. त्यांचं घर शाळेच्या आवारातच होतं आणि सण त्यांच्या घरचा होता, बोलावलं असतं तर आम्ही गेलोही असतो. पण भिंतीला टेकून, हात मांडीखाली घेऊन, पाहुण्यांसारखे अवघडून बसलो असतो. त्यांनी आमच्याकडे मदत मागितली. पाच मिनिटांत तिघं व्हरांड्यात पालथे पडून रेघा मारत होतो.

ती चांदणी बाजारातल्या पाच टोकांच्या चांदणीसारखी नव्हती. तिच्या पोटात एक घन आकार असतो, 18 चौकोन आणि 8 त्रिकोण मिळून झालेला. मधोमध आठ चौकोनांचा पट्टा, त्याच्या वर चार चौकोन आणि चार त्रिकोण एकाआड एक, आणि सगळ्यात वर एक चौकोन. खालीही तसंच. प्रत्येक पृष्ठावर एक लांब निमुळती टोपी बसते. चौकोनावर चार पाखांची, त्रिकोणावर तीन पाखांची. पाया 6 सेंटिमीटर, तिरक्या कडा 15. वरचा चौकोन उघडा सोडायचा, तिथून दिवा आत जातो आणि तिथूनच चांदणी टांगतात. म्हणजे टोप्या 25. सतरा चौके 68, आठ त्रिक 24, एकूण 92 त्रिकोण. बाईंनी हा हिशेब आमच्याकडूनच करून घेतला आणि मगच कात्री हातात दिली.

घडी कशी घालायची हेही त्यांनीच शिकवलं. कर्कटकाच्या टोकाने रेघेवर हलका दाब द्यायचा, कागद फाटता कामा नये, फक्त त्याला वळायची जागा कळली पाहिजे. मग नखाने दुमडायचा. एक जण आखायचा, एक जण कापायचा, मी चिकटवायचा. मला चिकटवायचं काम मिळालं कारण माझा हात सगळ्यांत लहान होता. टोप्या एकमेकींना जोडत गेलं की आकार बंद होत जातो आणि शेवटच्या काही टोप्यांचे काठ बाहेरून दाबता येत नाहीत. त्या वरच्या 6 सेंटिमीटरच्या चौकोनातून हात आत घालून, आतून बोटं फिरवून सांधा दाबावा लागतो. बाहेरून दुसऱ्या कोणीतरी टोपी धरून ठेवावी लागते. एकट्याचं ते काम नाही. माझा हात मनगटापर्यंत चांदणीच्या पोटात असायचा आणि बाहेरून बाई विचारायच्या, “लागलं का रे बोट?” आतून त्यांच्या बोटाचा दाब कागदापलीकडून जाणवायचा. मी म्हणायचो, “लागलं.”

24 तारखेच्या संध्याकाळी बाई झीरोचा बल्ब आणि वायर आणायला घरी गेल्या. तेवढ्यात माझ्याकडून चूक झाली. एक टोपी जास्तीची कापली गेली होती. समोर तो एकच चौकोन उघडा, भोकासारखा दिसणारा. मला वाटलं, काम अपुरं दिसतंय, बाई यायच्या आत पुरं करून टाकू. चारी काठांना भरपूर खळ लावली आणि सव्विसावी टोपी बसवून मोकळा झालो. सगळीकडून बंद, सुरेख दिसत होती.

बाई आल्या. बल्ब हातात धरून त्यांनी चांदणी फिरवून फिरवून पाहिली. आमच्या लक्षात आलं आणि छातीत धस्स झालं. दोन दिवसांचं काम होतं आणि खळ वाळत आली होती. बाई रागावल्या नाहीत. खाली बसल्या, पर्समधून ब्लेड काढलं, अर्धं कागदात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. “तू बसवलीस, तूच काढ. आतल्या काठाला धक्का लावू नकोस. मी धरते.” मला चांगली पंधरा मिनिटं लागली. तेवढा वेळ त्यांनी ती दीड फुटाची चांदणी दोन्ही तळहातांवर तोलून धरली होती, जराही न हलता. काढलेली टोपी त्यांनी टाकली नाही. निवृत्त होईपर्यंत ती शिक्षकखोलीतल्या कपाटावर तंबूसारखी उभी होती. दहावीतही मी तिथून जाताना मान वर करून बघायचो.

अंधार पडल्यावर वायर वसतिगृहाच्या दारावरच्या खिळ्याला अडकवली. त्यांच्या घरासाठीची चांदणी त्यांनी आमच्या दारावर लावली, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. दिवा लागला तेव्हा प्रत्येक पाख वेगळ्या पांढऱ्या रंगाची दिसली, जवळची लख्ख, टोकाकडची दुधी, आणि जिथे कागदावर कागद आला होता तिथे सांध्यांच्या करड्या रेघा. त्या रेघांमध्ये माझ्या बोटांचे ठसे होते.

त्या रात्री पायरीवर बसून बाईंनी चांदणीची गोष्ट सांगितली. जर्मनीत सॅक्सनीमध्ये निस्की नावाचं गाव आहे. तिथे मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची मुलांची शाळा होती आणि ही चांदणी तिथल्या भूमितीच्या अभ्यासातून निघाली. जवळच्या हेर्नहुट गावातही तीच परंपरा. तिथल्या शाळांतून मिशनऱ्यांची मुलं वसतिगृहात राहायची, आईवडील समुद्रापार. नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी ती मुलं चांदण्या करायला बसायची. “तुमच्यासारखीच,” एवढंच बाई म्हणाल्या. निस्कीच्या शाळेला 50 वर्षं झाली तेव्हा, 1821 च्या जानेवारीत, तिथल्या अंगणात 110 टोकांची चांदणी टांगली होती, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. आमंत्रण वाचताना हीच गोष्ट मनात घोळत होती. आमची 25 टोकांची होती.

मी विचारलं होतं, येशूचा जन्म नक्की 25 डिसेंबरलाच झाला का? दुसऱ्या कोणी विषय बदलला असता. बाई म्हणाल्या की जन्माची तारीख बायबलमध्ये दिलेलीच नाही, रोममध्ये हा दिवस पाळल्याची सगळ्यांत जुनी नोंद सन 336 ची आहे. मग खडूने फरशीवर दिनदर्शिकेचं गणित मांडलं. जुन्या पंचांगाचं, म्हणजे ज्युलियन वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे 11 मिनिटांनी मोठं. 128 वर्षांत जवळजवळ एक दिवस साठतो. म्हणून 1582 मध्ये पोप ग्रेगरींनी 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर आणला. ज्यांच्या चर्चनी जुनंच पंचांग ठेवलं त्यांचा नाताळ आता 13 दिवसांनी, 7 जानेवारीला येतो.

या 13 दिवसांचा मला पुढे फार उपयोग झाला. नोकरीच्या सुरुवातीला मी परदेशात एका बांधकामाच्या छावणीत होतो. 25 डिसेंबर सगळ्यांनी मिळून साजरा केला, दुसऱ्या दिवशी सजावट उतरवायला सुरुवात झाली. आमच्यात इथिओपियाचा एक वेल्डर होता. मला माहीत होतं की त्याचा सण, गेन्ना, अजून यायचाय. मी केलेली चांदणी उतरवू दिली नाही. 6 जानेवारीच्या संध्याकाळी तिची दोन टोकं सुटली होती, तेव्हा मी त्याच्या खोलीवर जाऊन म्हणालो, “चल, मला माणूस कमी पडतोय.” तो आला. बाहेरून मी धरलं, आतून त्याने दाबलं. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती, जे काय बोलत होतो ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत. रात्री त्याने मला त्याच्या मुलींचा फोटो दाखवला.

आज माझा स्वतःचा कारखाना आहे. पत्र्याचे डक्ट करतो, मोठ्या इमारतींमध्ये हवा खेळवणारे. 60 माणसं कामाला आहेत. सपाट पत्र्यावर आखणी करून तो दुमडला की त्याचा घन आकार कसा होणार, हे मला डोळ्यांसमोर लगेच दिसतं. इंजिनिअर मुलं मला विचारतात, साहेब, हे कुठे शिकलात? मी शाळेचं नाव सांगतो. अभिमानाने सांगतो. दर डिसेंबरात कारखान्यात चांदणी होते. आखणी करायला ज्याला सुट्टीत गावी जाता येत नाही तो बसतो, मग तो कोणत्या का धर्माचा असेना. ईदला, दिवाळीला जो एकटा मागे राहतो, त्यालाही मी आधी काहीतरी काम देतो. सणाच्या दिवशी एकट्या माणसाला नुसतं ‘या’ म्हणून भागत नाही, त्याच्यावाचून काहीतरी अडायला हवं. हे बाईंचं शिक्षण आहे, माझं नाही.

खूप नंतर कळलं की त्या वर्षीच्या नाताळाला बाई भावाकडे जाणार होत्या. तिकीट काढलेलं होतं. आम्ही तिघं मागे राहिल्याचं शिपाईमामांकडून कळलं आणि त्यांनी ते रद्द केलं. त्यांनी स्वतः हे कधीच सांगितलं नाही.

आता एक गोष्ट लिहितो जी लिहायला जड जातेय. निवृत्तीनंतर बाई भाचीकडे राहायच्या. आमचं फोनवर बोलणं असायचं. त्यांच्या शेवटच्या डिसेंबरात त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. म्हणाल्या, “कागद कापून ठेवलाय रे. माणसं कमी पडतायत.” मी म्हणालो, “बाई, एक मोठी ऑर्डर आहे, महिनाअखेर द्यायची आहे, जानेवारीत नक्की येतो.” त्या म्हणाल्या, “बरं, काम कर.” जानेवारीतही जमलं नाही. फेब्रुवारीत भाचीचा फोन आला.

ती ऑर्डर कोणाची होती तेही आज मला आठवत नाही.

मागच्या वर्षी मी शाळेत येऊन गेलो. वसतिगृहाच्या जागी संगणक कक्ष झालाय. चांगलंच झालं, मुलांना त्याची गरज आहे. पण व्हरांडा गेला आणि दारावरचा खिळाही. डिसेंबर होता म्हणून फाटकावर एक प्लॅस्टिकची चांदणी लावली होती, घडी उलगडून अडकवायची तसली. उजेड छान पडतो तिचा. पण ती लावायला एक माणूस आणि दोन मिनिटं पुरतात, आणि ते बघून मला वाईट वाटलं. मुख्याध्यापकांशी बोललो. ते म्हणाले, आता सुट्टीत शाळेत कोणी राहतच नाही. तरी चार-पाच मुलं संध्याकाळी सहापर्यंत फाटकाजवळ बसलेली मी पाहिली. आईवडील दोघंही कामावरून उशिरा येतात, ती मुलं.

बाईंच्या भाचीने मला एक पुठ्ठ्याचा खोका दिलाय. वर्षभर माझ्या कपाटात आहे, मी एकदाच उघडला. आत 25 टोप्यांचे कागद आहेत, कापलेले, कर्कटकाने रेघा दाबलेले. सतरा आणि आठ वेगवेगळे बांधलेले. काही रेघा जरा थरथरल्यात, बाकी मापात मिलिमीटरचा फरक नाही. एकही चिकटवलेला नाही.

समितीला माझी एवढीच विनंती आहे. महोत्सवाच्या आदल्या दिवशी मी दुपारीच येतो. मला सभागृहाचा एक कोपरा, एक टेबल आणि दिव्याची जोडणी द्या. खळ मी घेऊन येईन. माझ्या बरोबरच्या दोघांनाही कळवलंय, एक येतोय, दुसऱ्याचं अजून नक्की नाही. आमचे हात आता मोठे झालेत, 6 सेंटिमीटरच्या चौकोनातून आत जाणार नाहीत. तेव्हा संध्याकाळी फाटकाजवळ बसणाऱ्या मुलांपैकी जी येतील त्यांना आत पाठवा. त्यांना सांगा, माणसं कमी पडतायत.