रोआतानच्या आठ तारा

पोस्टात 33 वर्षं काउंटरवर काढल्यामुळे कुठलाही फॉर्म समोर आला की तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची मला सवय आहे. झिपलाईनचा, म्हणजे उंच ताणलेल्या तारेला लटकून घसरत जायच्या खेळाचा, फॉर्मही तसाच वाचला. वजन 250 पौंडांच्या आत, म्हणजे आपल्या हिशेबानं साधारण 113 किलो. पाय पूर्ण झाकणारे बूट. हृदयविकार नको, पाठीचं-मानेचं दुखणं नको, गरोदर बाईला परवानगी नाही. आणि सगळ्यात खाली, मी हे समजून-उमजून करते आहे, अशी सही. ती सही करायला मला दोन दिवस लागले.

आम्ही दोघं मार्चमध्ये ह्यूस्टनला आलो ते लेकीच्या बाळंतपणासाठी. तारीख ऑगस्टअखेरची. एप्रिलमध्ये जावई म्हणाले, "आई, बाळ आल्यावर वर्षभर कुठे जाणं होणार नाही. गॅल्व्हेस्टनहून सात दिवसांचं जहाज आहे, सगळेच जाऊ या." बहुतेक जहाजांवर 24 आठवडे व्हायच्या आत गरोदर बाईला घेतात. लेकीला पाचवा महिना होता, डॉक्टरचं पत्र बरोबर घेतलं. आमच्या व्हिसावर मल्टिपल एंट्री आहे ना, हे जावयांनी दोनदा तपासलं. ते बरोबरच होतं. जहाज मधे होंडुरास आणि मेक्सिकोला लागतं आणि परत येताना अमेरिकेत नव्यानं प्रवेश करावा लागतो. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी एवढं नक्की बघावं.

झिपलाईनचा हट्ट नातीचा. ती नऊ वर्षांची आहे. तिच्या आईला जाता येणार नव्हतं, आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालेलं नाही. राहिले जावई आणि मी. नात म्हणाली, "आजी, बाबा पुढे गेले की मागे माझ्याबरोबर कोण थांबणार?" तिचं म्हणणं खरं होतं. पण मला उंचीची भीती आहे, आणि ती जुनी आहे. रायगडाच्या रोपवेत मी खाली उतरेपर्यंत डोळे उघडले नव्हते. तिथे निदान पायाखाली डब्याचा तळ असतो.

समुद्रावरच्या दुसऱ्या रात्री मी ह्यांना विचारलं, "अहो, जाऊ का?" ते म्हणाले, "पहिल्या तारेपाशी जाऊन बघ. नाही वाटलं तर परत फिर." तेवढ्यावर मी सही केली.

रोआतान हे होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यासमोरचं बेट. लांबट आणि अरुंद, मधून हिरव्या डोंगराचा कणा गेलेला. जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लांबीची प्रवाळभिंत त्याला लागून जाते, त्यामुळे किनाऱ्याजवळ पाणी फिकट निळं आणि जरा पलीकडे एकदम गडद, मधे रेघ मारल्यासारखं. कॉक्सन होल गावाच्या धक्क्यावर बुधवारी सकाळी आमचं जहाज लागलं.

उतरण्याआधी जावयांनी माझ्या हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेशी लावून दिलं. होंडुरासमध्ये घड्याळं उन्हाळ्यासाठी पुढे करत नाहीत, जहाज जिथून निघालं त्या टेक्सासमध्ये करतात. त्यामुळे एप्रिलमध्ये बेट जहाजाच्या तासभर मागे असतं, आणि मोबाईल गुपचूप बेटाची वेळ घेतो. मोबाईलवर विसंबून तासभर उशिरा धक्क्यावर पोचलं तर जहाज गेलेलं असतं. आम्ही सहल जहाजामार्फतच घेतली होती, त्याचंही कारण हेच. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरून स्वतः ठरवलं तर स्वस्त पडतं, पण परत यायची जोखीम आपली. माझ्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्या बाईनं ते पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

बसचा ड्रायव्हर गारिफुना होता, बेटाच्या पूर्वेकडच्या पुंता गोर्दा गावचा. गारिफुना म्हणजे आफ्रिकी आणि कॅरिबियन मूळनिवासी अशा दोन्ही रक्तांचे लोक. इंग्रजांनी त्यांना सेंट व्हिन्सेंट बेटावरून हाकलून 12 एप्रिल 1797 ला इथे आणून सोडलं. बेटावर इंग्रजी आणि स्पॅनिश चालते, पण घरात त्यांची स्वतःची गारिफुना भाषा अजून आहे, आणि त्यांची भाषा, नाच नि संगीत युनेस्कोनं 2001 मध्ये मानवतेचा वारसा म्हणून जाहीर केलं. आम्ही गेलो तेव्हा त्यांचा 12 एप्रिलचा तो दिवस नुकताच झाला होता. रस्त्यात कुठे कुठे पिवळ्या-पांढऱ्या-काळ्या पताका अजून लटकत होत्या. ड्रायव्हर गाडी चालवता चालवता हे सगळं सांगत होता, आणि माझं अर्धं लक्ष त्या बोलण्यात, अर्धं पोटातल्या गोळ्यात.

झिपलाईनच्या काउंटरवर पुन्हा वजन केलं. बांगड्या आणि मंगळसूत्र मी सकाळीच जहाजावरच्या तिजोरीत ठेवले होते, कारण गळ्यात-हातात लोंबणारं काही चालत नाही. केस घट्ट बांधून आत खोचायला लावले. तारेवरून धावणाऱ्या कप्पीत केस अडकणं हा या खेळातला खरा धोका आहे, असं तिथल्या मुलीनं सांगितलं आणि स्वतः माझा अंबाडा हेल्मेटच्या आत नीट बसवला. मग हार्नेस. दोन मांड्यांभोवती दोन पट्टे, कमरेला एक, समोर पोटापाशी लोखंडी कड्या. पट्टा आणि मांडी यांच्यामध्ये सपाट पंजा जेमतेम जाईल इतका तो आवळतात. उभं राहिलं की वाकल्यासारखं होतं, चालताना पाय फाकतात. हे सगळं बसण्याच्या स्थितीसाठी बेतलेलं असतं, उभं राहण्यासाठी नाही, हे तारेवर गेल्यावर कळतं.

शेवटी मोजे. उजव्या हाताच्या मोज्याला तळव्यावर जाड चामड्याची दुसरी थर शिवलेली होती. ती थर घासून काळी, गुळगुळीत झाली होती. तोच ब्रेक. हात कप्पीच्या मागे तारेवर उघडा ठेवायचा आणि थांबायचं असेल तेव्हा खाली दाबायचा. कप्पीच्या पुढे हात कधीही न्यायचा नाही, कारण चाकं बोटांवरून जातात. जमिनीपासून हातभर उंचीवर बांधलेल्या सरावाच्या तारेवर गाईडनं प्रत्येकाकडून हे दोनदा करून घेतलं. तो उंच, शांत मुलगा होता. मला तो "मामा" म्हणायचा. तिकडे वडीलधाऱ्या बाईला तसं म्हणतात. आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, त्यामुळे नात दर वेळी खुदकन हसायची.

मागे बाकं असलेल्या ट्रकनं डोंगरावर नेलं. तिथून पहिल्या तारेपर्यंत लाकडी जिना. मी पायऱ्या मोजल्या. मोजत राहिलं की मला बरं वाटतं. 31.

वर पोचल्यावर आधी आवाज ऐकू आला. आमच्या पुढची मंडळी निघाली होती आणि तार घर्रर्र करत होती, लांब जात बारीक होत होती, मग एकदम बंद. त्या बंद होण्यानं माझे हात गार पडले. नात गाईडबरोबर जोडीनं गेली, कारण लहान मुलं हलकी असल्यामुळे एकटी मधेच थांबतात. माझा नंबर आला. गाईडनं दोन्ही कड्या तारेवर चढवल्या, ओढून दाखवल्या, मग माझ्या हाताला धरून मलाही ओढायला लावल्या. "मामा, आधी बस. खुर्चीत बसतेस तशी बस. जायचं नंतर." मी गुडघे वाकवले आणि हार्नेसनं माझं सगळं वजन घेतलं. पाय फळीवरच होते, पण मी तारेला टांगलेली होते. हे त्यानं कडेला न्यायच्या आधी करून घेतलं, म्हणून मी जाऊ शकले. निघायचा क्षण आला तेव्हा लोंबकळणं मागे पडलं होतं, नुसता पाय उचलायचा उरला होता.

लहानपणी नागपंचमीला चिंचेच्या फांदीवर मी खूप उंच झोके घेतलेत. तसंच काहीतरी असेल, अशी मनाची समजूत घातली होती. तसं नाही. झोका परत आणतो. तार पुढेच नेते.

पहिल्या तीन तारांचं मला फारसं आठवत नाही. वारा आठवतो, आणि प्रत्येक फळीवर माझं दंड धरून उभं करणारे हात.

चौथी तार सगळ्यात लांब होती. दरीच्या पलीकडे झाड, झाडाभोवती फळी, फळीवर माणूस काडीएवढा. मी निघाले आणि या वेळी डोळे उघडे ठेवले. मधे पोचल्यावर डाव्या बाजूला झाडांच्या शेंड्यांवरून समुद्र दिसला, ती गडद रेघ दिसली. आणि तेवढ्यात समोरचं झाड अंगावर धावून आलं. गाईडनं हात वर करून खूण केल्यावरच ब्रेक दाबायचा असतो. मी खुणेची वाट पाहिली नाही. घाबरून जोरात दाबला. चामडं तापल्याचा वास आला, कप्पी कुरकुरली आणि मी फळीच्या पंधरावीस हात अलीकडे थांबले.

थांबले एवढंच नाही, मागे सरकायला लागले. तार मधे झोळासारखी खाली असते, त्यामुळे पोचायच्या आधी थांबलं की माणूस त्या झोळाकडे परत जातो. पलीकडून गाईड ओरडला, "मामा, तार धर! दोन्ही हातांनी!" मी धरली. मग म्हणाला, "आता पाठ माझ्याकडे कर." ते मला पटेना, कारण पाठ केली की समोर फक्त दरी. पण फळीकडे तोंड ठेवून ओढायला ताकद लावता येत नाही. तार डोक्यावर, हात मागे, जोर येत नाही.

मी वळले. खाली बघितलं, कारण दुसरं बघायला काही नव्हतं. लालसर सालीचं एक झाड अगदी पायाखाली होतं, साल कागदासारखी सोलून निघालेली. गंबो लिंबो म्हणतात त्याला. ऊन लागून कातडी सोललेल्या पाहुण्यांसारखं दिसतं म्हणून तिकडचे लोक त्याला टूरिस्ट ट्री म्हणतात, हे सकाळी ड्रायव्हरनं सांगितलं होतं. ते आठवलं आणि का कोण जाणे, श्वास जागेवर आला. गाईडचा आवाज आला, "हातावर हात. एक ओढ, दुसरा पुढे."

हातावर हात. हे काम माझ्या हातांना माहीत होतं. आमच्या गावच्या आडावर मी सातवीपासून लग्नापर्यंत रोज पाणी शेंदलं. तीस हात खोल आड होता, आणि भरलेली घागर वर येईपर्यंत दोर सोडायचा नाही, एक हात पक्का झाल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. मी तसंच शेंदायला लागले. फक्त घागर मी स्वतः होते. डावा, उजवा, डावा, उजवा. खांदे भरून आले, तरी ताल सुटला नाही. किती वेळा ओढलं तेही मोजलं. 26. सत्ताविसाव्याला गाईडचा हात माझ्या हार्नेसच्या मागच्या पट्ट्यात आला आणि त्यानं मला फळीवर घेतलं.

नात रडवेली झाली होती. मला बघून म्हणाली, "आजी, तू उलटी का आलीस?"

पाचवीपासून पुढे मी खुणेची वाट पाहिली. खूण होईपर्यंत हात तारेवर नुसता टेकवून ठेवायचा, पिसासारखा. सातव्या तारेवर मी माझी मीच थांबले, फळीवर पाय टेकवून, कुणी दंड न धरता. आठवी डोंगरातून निघून थेट समुद्राच्या दिशेनं उतरते. तिच्यावर मी ओरडले. आनंदानं ओरडले.

जावयांनी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. कोस्टा रिकाच्या जंगलात 1970 च्या दशकात शास्त्रज्ञ असेच दोर बांधून झाडांच्या शेंड्यांवर चढले, कारण जंगलातला बराचसा जीव वरच राहतो आणि खालून तो दिसत नाही. पुढे त्याच दोरांची सहल झाली. परतीच्या वाटेवर मी म्हणून मान वर करूनच चालत होते. एका फांदीवर इग्वाना पसरलेली दिसली, घोरपडीहून जाड, पाठीवर काटे. नातीला मी सिंहगडाची, दोर बांधलेल्या घोरपडीची गोष्ट सांगितली. ती कितपत खरी यावर इतिहासकारांचं एकमत नाही, तेही सांगितलं. तिनं बराच वेळ त्या इग्वानाकडे बघून विचारलं, "एवढीशी माणसाचं वजन कशी पेलेल?" प्रश्न बरोबर होता.

बस थांबली तिथे एक गारिफुना बाई कसावाची भाकरी विकत होती. पातळ, पांढरी, कडक, पापडासारखी मोडणारी. तोंडात टाकल्यावर ओळखीची चव लागली आणि मग उलगडलं. आपला साबुदाणा याच कंदाचा. मी तिला खुणांनी आणि जावयांच्या इंग्रजीतून सांगितलं की आम्ही हाच कंद उपवासाला खातो. तिनं दोन भाकऱ्या जास्तीच्या बांधून दिल्या आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत.

घड्याळात साडेतीन, म्हणजे जहाजाचे साडेतीन, वाजता आम्ही धक्क्यावर होतो. हे वर कठड्यापाशी उभे होते. खोलीत आल्यावर त्यांनी माझे दोन्ही तळवे उलटे करून पाहिले. उजव्या तळव्यावर लाल पट्टा उमटला होता. चौथ्या तारेचं सगळं सांगितलं तेव्हा ते मधे एक शब्द बोलले नाहीत. मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "चढ फार आहे का गं?"

मी म्हटलं, "वरपर्यंत ट्रक जातो. आणि पायऱ्या मी मोजल्यात. आठही तारांच्या मिळून 84."

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "मधे बसायला कुठे बाक असतो का?"