तुम्ही विचारलंत म्हणून: "त्यांच्यासाठी नियम सोपे असतात ना?"

मी कोल्हापुरात ज्युदो शिकवते. माझ्याकडे दृष्टिहीन मुलंही येतात हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, त्यांच्यासाठी नियम सोपे केलेले असतात ना?" विचारणाऱ्याच्या मनात वावगं काही नसतं. पण उभ्याउभ्या उत्तर देऊन भागत नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

महत्त्वाचा फरक एकच आहे. डोळस खेळाडू अंतर ठेवून उभे राहतात आणि पंचांनी 'हाजिमे' (सुरू करा) म्हटलं की समोरच्याच्या ज्युदोगीवर, म्हणजे ज्युदोच्या जाड पोशाखावर, पकड मिळवायला झटापट करतात. दृष्टिहीनांच्या लढतीत दोघांना मॅटच्या मध्यावर आणतात, एकमेकांची बाही आणि कॉलर धरायला लावतात आणि मग 'हाजिमे'. पकड सुटून दोघं वेगळे झाले की 'मात्ते' (थांबा), परत मध्यावर, परत पकड. बाकी सगळं तेच. चार मिनिटांची लढत, नीट पाठीवर फेकलं तर इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण आणि लढत तिथेच जिंकली, वीस सेकंद दाबून धरलं तरी इप्पोन. गळा आवळणं आहे, कोपराला कुलूप लावणं, म्हणजे सांधा ताणून शरण आणणंही आहे.

आता हे सोपं झालं की अवघड, तुम्हीच सांगा. आपल्याकडच्या कुस्तीतली खडाखडी काढून टाका आणि पैलवानांना थेट भिडवा, तसं आहे हे. दमलेला डोळस खेळाडू पकड तोडत, मागे सरत चार श्वास जास्तीचे घेतो. (शिक्षा होते, पण घेतो.) इथं ती पळवाटच नाही. समोरच्याने वजन कुठल्या पायावर टाकलं, तो खेचणार की ढकलणार, हे मनगटातून कळून घ्यायचं आणि तेवढ्यात त्याच्याआधी डाव टाकायचा. मी डोळ्यांवर पट्टी बांधून या मुलांशी सराव करते. मला 'कळतं', तेव्हा मी बहुतेक वेळा हवेत असते.

शिकवताना मात्र माझी बोलती बंद होते. "असं कर" म्हणून दाखवता येत नाही ना! मी डाव अर्ध्यावर थांबवून उभी राहते, मूल हात लावून बघतं, कंबर किती वळली, गुडघा कुठे वाकला, पाऊल कुठे आलं. पण त्याआधी पडायला शिकायचं, आणि पडणं पक्कं होईपर्यंत दुसरं काही नाही. आयुष्यभर 'जपून चाल, पडशील' ऐकलेल्या मुलाला मी सांगते, पड. पालक बाकावर बसून अस्वस्थ होतात.

ज्युदो पॅरालिम्पिकमध्ये १९८८ साली सोलला आला, तेव्हा फक्त पुरुषांसाठी. स्त्रियांना त्यानंतर सोळा वर्षं, २००४च्या अथेन्सपर्यंत थांबावं लागलं. आणि २०२१ला झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकपर्यंत पूर्ण अंध आणि थोडं दिसणारे खेळाडू एकाच गटात लढत. म्हणून मला ब्राझीलचे अँटोनियो टेनोरिओ फार मोठे वाटतात. तेराव्या वर्षी गलोलीच्या खेळात एक डोळा गेला, पुढे काही वर्षांनी संसर्गाने दुसरा. ज्युदो मात्र लहानपणापासून अंगात होता. १९९६ ते २००८ सलग चार पॅरालिम्पिक सुवर्णपदकं, लंडनला कांस्य आणि रिओला पंचेचाळिसाव्या वर्षी रौप्य. समोर अनेकदा थोडंफार पाहू शकणारा माणूस! नियम सोपे आहेत म्हणणाऱ्याला मी हे नाव सांगते आणि गप्प बसते.

२०२२पासून पूर्ण किंवा जवळपास पूर्ण अंधांचा जे१ आणि अंशतः दृष्टी असलेल्यांचा जे२ असे गट वेगळे झाले. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं. आपला कपिल परमार जे१मधला. मध्य प्रदेशातल्या सीहोर भागातला. लहानपणी शेतातल्या पाण्याच्या पंपाला हात लागून विजेचा जबर धक्का बसला, सहा महिने कोमात होता, पुढे नजर जात गेली. वडील टॅक्सी चालवायचे, कपिलने भावाबरोबर चहाची टपरीही चालवली. ५ सप्टेंबर २०२४ला पॅरिसमध्ये ६० किलो गटात उपांत्य फेरीत तो इराणच्या बानिताबाकडून हरला आणि कांस्यपदकाच्या लढतीत ब्राझीलच्या एलिएल्टन डी ऑलिव्हेराला ३३ सेकंदांत इप्पोनने संपवलं. पॅरालिम्पिक ज्युदोतलं भारताचं पहिलं पदक. ३३ सेकंद ऐकून "एवढंच?" म्हणणारेही भेटतात मला. अहो, पकड आधीच हातात आहे, संधी साधणाऱ्याने थांबायचं कशाला?

खरी अडचण विचारायची तर वजनाची विचारा. टोकियोला पुरुषांचे सात वजनगट होते. जे१, जे२ वेगळे करताना पॅरिसला प्रत्येकात चारच ठेवले: ६०, ७३, ९० आणि त्यावरचे. मधले ६६, ८१ गेले. माझ्याकडचा एक मुलगा बरोब्बर त्या फटीत सापडलाय, सहासष्टच्या आसपास. त्याने त्र्याहत्तरला चढावं असं मला वाटतं, सात किलो अंगावर आले तर ताकदही येईल. त्याला स्वतःला साठला उतरायचंय, कारण पॅरिसला कपिल साठला खेळला. आणि त्याची आई म्हणते, आधीच हाडं दिसतात पोराची, उतरवायचं नाव काढू नका. सध्या आईची बाजू वरचढ आहे.