गोडी कुठं गेली?

"आंबट आहे की रे! आणि वास ढोबळी मिरचीचा."

मामांनी आयुष्यात पहिल्यांदाच वाईन चाखली आणि वास अचूक पकडला. सोव्हिन्यॉ ब्लां या पांढऱ्या वाईनची ती खूणच. तिचं त्याच नावाचं द्राक्ष मूळचं फ्रान्सचं. तिकडं तोडणी सप्टेंबरच्या आसपास, आपल्या दिंडोरीकडं जानेवारी-फेब्रुवारीत. एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पाऊस सरता सरता फळांसाठी गोडी छाटणी. मामांचा जन्म त्यातच गेला, पण खायच्या द्राक्षांत.

म्हटलं, ही ड्राय वाईन. रसातली जवळजवळ सगळी साखर यीस्ट खातं, तिचं अल्कोहोल होतं.

त्यांनी ग्लास बाजूला सारला. "म्हणजे गोडी छाटणी आम्ही करायची आणि गोडी खायची त्यानं?"

हसलो खरा. पण यंदा किलोला काय भाव मिळाला, हे विचारायचं धाडस काही झालं नाही. बाटलीचं बिल माझ्या खिशात होतं ना!