चांदोदच्या नावेतली धडधड

मामी काहीतरी सांगत होती आणि मला तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते. गुजरातमधल्या चांदोदच्या मल्हारराव घाटावरून आमची नाव नुकतीच सुटली होती. मार्गशीर्षातली सकाळ, पाण्यावर धुकं, समोर नर्मदा आणि ओरसंगचा संगम (तिसरी सरस्वती गुप्त आहे), आणि या सगळ्यावर इंजिनाची अशी धडधड की बसायची फळी थेट दातांत वाजत होती. मामीच्या मांडीवर नर्मदामाईच्या ओटीची साडी आणि नारळ होता. ती बहुधा म्हणत होती, "किती शांत आहे ना!"

प्रवास एकूण तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी बडोद्याहून गरुडेश्वर. टेंबे स्वामींच्या समाधीपाशी दोन तास बसलो, तिथल्या शांततेबद्दल मी वेगळं लिहीन. दुसऱ्या दिवशी 182 मीटरचा सरदारांचा पुतळा, प्रचंड गर्दी, महागडा चहा. तिसरा दिवस चांदोदचा, आणि मला लिहायचंय ते याच दिवसाबद्दल.

माझे मामा 76 वर्षांचे आहेत. बडोद्यात दांडिया बाजारच्या मागे त्यांचं इंजिन-पंप दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. त्याआधी तरुणपणी सहा वर्षं ते मुंबईत माझगावला एका वर्कशॉपात होते आणि तिथे शिडाच्या बोटींची छोटी डिझेल इंजिनं दुरुस्तीला यायची. आयुष्यभर इंजिनांजवळ उभं राहिल्यामुळे त्यांचे कान गेलेत. बारीक आवाज गेले, जाड तेवढे उरले. दाराची बेल त्यांना ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी येत नाही. म्हणून आम्ही घरात सगळे ओरडून बोलतो आणि ते आपल्या जगात शांत असतात.

नावेत मात्र त्यांनी पाच मिनिटांत हात वर केला. "थांबव. इंजिन बंद नको करू, गिअर काढ."

नावाड्याने गिअर काढला. धडधड निम्म्याहून कमी झाली. मामांनी रेस वाढवायला सांगितली. आवाज वाढला, पण सरळ वाढला, फळी हलली नाही. मग त्यांनी धुराकडे पाहिलं. काळा नाही, पांढरा नाही, निळाही नाही. काळा असता तर इंजिनावर जास्तीचा भार किंवा हवा कमी, निळा असता तर ऑइल जळतंय. धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या जोडापाशी काजळीही नव्हती. सायलेन्सर फुटला असेल हा माझा अंदाज तिथेच संपला.

"काका, मशीन जूनुं थयुं," नावाडी म्हणाला. म्हणजे जुनं आहे, आवाज करणारच.

मामांनी ते ऐकूनच घेतलं नाही. त्यांनी गुजरातीतून विचारायला सुरुवात केली. कधीपासून? अचानक वाढला की हळूहळू? रिकाम्या नावेत येतो की भरलेल्या? त्याआधी कशाला हात लावला होता? दिवाळीआधी बरा होता, देवदिवाळीच्या गर्दीनंतर वाढला, आणि आता रोज थोडाथोडा वाढतोय, असं नावाड्याच्या वीसेक वर्षांच्या मुलाने सांगितलं. सांगताना तो ओरडत होता, इंजिन मंद चालू असतानासुद्धा. ते ऐकून मला कसंसंच झालं. हा मुलगा सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या इंजिनापासून दोन हातांवर बसतो. मी फोनवर आवाज मोजून पाहिला तर आकडा 96 आला. फोनचं माप काटेकोर नसतं, मान्य, पण कारखान्यांसाठीसुद्धा आठ तासांची मर्यादा 90 डेसिबलची आहे. मामांचे कान कसे गेले हे मी लहानपणापासून बघत आलेय. या मुलाचे जाऊ नयेत असं मला मनापासून वाटलं, अजूनही वाटतंय.

मामा म्हणाले की माझगावला बोटवाले येऊन सांगायचे, आवाज वाढलाय. शिडाच्या बोटीत इंजिन केबिनच्या पायऱ्यांखाली एका पेटीत कोंबलेलं असतं, पेटीला आतून फोम लावलेला. बंदरातून बाहेर पडायला आणि परत आत यायला ते लागतं, बाकी वेळ शीड. त्यामुळे कधी कधी इंजिन ठणठणीत असायचं, नुसता पेटीतला फोम गळून पडलेला असायचा. "आवाज वाढला म्हणजे इंजिन बिघडलं असं नाही. आधी न्यूट्रलला ऐकायचं, मग गिअरला. फरक गिअरला पडला तर इंजिनाच्या मागे जायचं."

मागे म्हणजे शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा), त्याला गिअरबॉक्सशी जोडणारं कपलिंग, आणि पाण्यातला पंखा.

नाव उथळ पाण्यात वाळूला लावली. धरणातून किती पाणी सोडलंय त्यावर इथली वाळू कुठे उघडी पडेल ते ठरतं, आणि त्या दिवशी संगमाजवळ भरपूर उघडी होती. मुलगा पाण्यात उतरला. डिसेंबरचं पाणी, तो कुडकुडत होता. हात घालून त्याने पंख्यावरून जे बाहेर काढलं ते पाहून आम्ही तिघंही गप्प झालो. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा गुंता, आणि त्यात पिळून काळी पडलेली चुनरी. जरीचा काठ ओळखू येत होता. कुणीतरी हात जोडून माईला वाहिलेली.

मामीने मांडीवरची साडी उचलून परत पिशवीत ठेवली. पुढे तिने ती घाटावरच्या एका म्हाताऱ्या परिक्रमावासी बाईंना दिली. त्या सोलापूरकडच्या होत्या, मराठीत बोलल्या, रडल्या. पाण्यात साडी सोडू नका असं मी कुणाला सांगणार नाही, तो अधिकार माझा नाही. मी स्वतः मात्र आता सोडणार नाही.

इंजिन पुन्हा चालू केलं. फळीची थरथर गेली होती, पण मधल्या रेसला ती जाड धडधड अजून होतीच. नावाडी खूश, म्हणाला चला. मामा जागचे हलेनात.

मग त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर मागितला. टोक इंजिनाच्या ब्लॉकला लावलं आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवली. डोळे मिटले. टॅपेट, इंजेक्टर, पाण्याचा पंप, गिअरबॉक्स, एकेक जागा. मी मामांना असं ऐकताना कितीतरी वर्षांनी पाहत होते. ज्या माणसाला आम्ही जेवायला बसा म्हणून तीनदा सांगतो, तो पत्र्यापलीकडचं ऐकत होता. इंजिनाच्या चार पायांवर त्यांनी तळवा ठेवला. तिसऱ्या पायापाशी, पुढच्या डाव्या, हात थांबला.

इंजिनाच्या पायाखालचं, माउंटिंगचं रबर फुगून मऊ झालं होतं. नख रुतत होतं. वर बोट फिरवलं तर बोटाला डिझेल. इंजेक्टरवरून टाकीकडे परत जाणारी जी बारीक रिटर्न नळी असते, तिचं टोक चिरलेलं होतं आणि थेंब नेमका त्या रबरावर पडत होता. डिझेलने रबर कुजलं, इंजिनाचं नाक एका कोपऱ्याला खाली बसलं आणि मागे शाफ्टची सरळ रेघ मोडली. त्यात पंख्यात गुंता, म्हणजे धक्के आणखी वाढले.

खात्री करायला त्यांनी कपलिंगचे बोल्ट सैल करवले. शर्टाच्या खिशातून फिलर गेज काढलं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा जुडगा. (फिरायला जाताना माणूस खिशात फिलर गेज ठेवतो हे मामीला माहीत होतं, मला नव्हतं.) कपलिंगच्या दोन फ्लँजमधली, म्हणजे समोरासमोरच्या चकत्यांमधली, फट वर 14 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), खाली 3. "फ्लँजच्या एका इंचाला एक थाऊ, एवढाच फरक चालतो. हे चार इंची आहे, म्हणजे चार. इथे अकरा आहे."

पुढचा दीड तास आम्ही वाळूत होतो. मुलाने नळीचं चिरलेलं टोक कापून ती पुन्हा घट्ट बसवली. पहारीने इंजिनाचा पाय अलगद उचलून त्याखाली ट्रकच्या जुन्या टायरचा तुकडा आणि पत्र्याचं पॅकिंग सरकवलं. पुन्हा मोजलं, पुन्हा एक पत्रा. फरक पाचावर आला. नावाड्याच्या बायकोने किनाऱ्यावरून चहा आणि बाजरीचे रोटले पाठवले, सोबत लसणाची चटणी. पैसे विचारले तर तिने हात जोडले. तीन दिवसांतलं सगळ्यात चांगलं जेवण ते.

करनाळीला कुबेरेश्वराच्या दर्शनाची रांग इतकी होती की आम्ही कळसाला नमस्कार करून परतलो. पण जाता-येता नावेत बोलता येत होतं. इंजिन चालू होतं, त्याचा आवाज होता, इंजिनाचा असावा तेवढाच. मामांनी मामीला डभोईच्या छोट्या गाडीबद्दल सांगितलं, ती नॅरोगेज गायकवाडांच्या काळात 1862 साली सुरू झाली तेव्हा बैल ओढायचे म्हणून. आणि मामी हळू आवाजात उत्तरं देत होती. त्यांना ऐकू येत नव्हती बहुतेक, पण तिने आवाज चढवला नाही.

निघताना मामांनी बजावलं: हे तात्पुरतं आहे. रबरं चारही एकदम बदल, एकच बदललंस तर नव्या-जुन्याची उंची जुळणार नाही. आणि फट मोजायची ती नाव पाण्यात असताना. किनाऱ्यावर ओढलेल्या नावेचं लाकूड वेगळं बसतं, तिथलं माप पाण्यात खोटं ठरतं.

काल त्या मुलाचा फोन आला. रबरं आणलीत, गुरुवारी बसवतोय. मामांना मी ओरडून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बोल्ट अजून आवळले नाहीत ना?" आज सकाळी त्यांनी गाडीत पेट्रोल भरून आणलंय.