गाडीच्या पोटाखालची अक्षरे : आमची वाटचाल

आमच्या वडिलांचे कुर्ला पश्चिमेला वह्या-पेन्सिलींचे छोटे दुकान होते. त्याआधी ते कुर्ल्याच्याच प्रीमियरच्या मोटारींच्या कारखान्यात रंगखात्यात कामाला होते. रंगवलेला पत्रा समोरून न पाहता उजेडात तिरपा धरून पाहावा, ही त्यांची सवय आम्हा दोघा भावांनाही लागली आणि आज आमचा खेळण्यातल्या जुन्या-नव्या गाड्या विकण्याचा निम्मा व्यवसाय तिच्यावरच चालतो.

दुकानात विकायला आलेल्या धातूच्या छोट्या गाड्या आम्ही शाळेत असल्यापासून जमवत होतो. कॉलेजात गेल्यावर शुक्रवारी पहाटे बॅटरी घेऊन चोरबाजारात जाऊ लागलो. भंगाराच्या ढिगात हात घालून गाडी काढायची, ती उलटी करायची आणि पोटाखालची अक्षरे वाचायची. मॅचबॉक्स गाड्या १९५३ पासून लंडनच्या लेझनी कंपनीने काढल्या. १९८२ मध्ये ती दिवाळखोरीत गेली, नाव हाँगकाँगच्या मालकांकडे गेले आणि पुढे त्याच साच्यांतल्या काही गाड्यांवर ‘इंग्लंड’च्या जागी ‘मकाऊ’ आले. या एका शब्दाने भाव बदलतो. उलट हॉट व्हील्स या अमेरिकी बनावटीच्या गाड्यांच्या तळाशी जे साल कोरलेले असते, ते त्या आरेखनाच्या हक्काचे असते, गाडी बनल्याचे नव्हे. नवे संग्राहक इथे हमखास फसतात आणि दहा वर्षांपूर्वीची गाडी चाळीस वर्षांची समजून घेतात. आमचा सर्वांत जास्त जीव मात्र निकी टॉइजवर आहे. ब्रिटनच्या डिंकी गाड्यांचे जुने साचे कोलकात्यात आले आणि त्यांतून या गाड्या निघाल्या. आमच्याकडच्या एका गाडीच्या तळाशी मूळ नाव खरवडून काढल्याची खूण बोटाला अजून लागते.

छंदाचा व्यवसाय होताना पहिला मोठा धडा आम्हाला महागात पडला. ओळखीच्या एका विक्रेत्याकडून लेझनीच्या काळातल्या बारा गाड्या आम्ही एकगठ्ठा घेतल्या आणि त्यांतल्या तीन डोंबिवलीच्या एका ज्येष्ठ संग्राहकांना अस्सल म्हणून विकल्या. आठवड्याने काका गाड्या आणि भिंग घेऊन दुकानात आले. तळाचा पत्रा ज्या रिव्हेटने, म्हणजे ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळीने, वरच्या सांगाड्याला जोडलेला असतो, तिचे डोके कारखान्यातून आलेल्या गाडीत सलग असते. या तिन्ही गाड्यांत मात्र मधोमध ड्रिलचा बारीक खळगा होता आणि तो सरसाने भरलेला होता. म्हणजे गाड्या उघडून, नव्याने रंगवून पुन्हा जोडल्या होत्या. रंग वडिलांच्या पद्धतीने तिरपा पाहिला असता, तर दाराच्या रेषेत साचलेला जाड थर आम्हालाही दिसला असता. आम्ही काकांना पूर्ण पैसे परत केले. तेव्हापासून प्रत्येक जुन्या गाडीसोबत आम्ही एक चिठ्ठी देतो आणि तिच्यावर रंग मूळचा की नंतरचा, चाके बदललेली आहेत का, टवका कुठे उडाला आहे, खोके त्याच गाडीचे आहे का, हे सारे लिहून सही करतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आमच्या दुकानात छातीपर्यंत पाणी चढले. गाड्या धुऊन-पुसून बऱ्याचशा वाचल्या, पण कागदी खोक्यांचा लगदा झाला. खोके नसलेल्या गाडीचा भाव कित्येकदा निम्म्याखाली येतो, त्यामुळे ते नुकसान भरून निघायला आम्हाला चार वर्षे लागली. आता सारा माल पोटमाळ्यावर, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यांत असतो. मुंबईच्या दमट हवेत पुठ्ठा वाकतो एवढेच नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ज्या गाड्यांच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली आहे, त्या आतून तडकत जातात आणि ओलाव्याने तो रोग वाढतो. त्यावर इलाज नाही. अशी गाडी आम्ही विकत घेत नाही आणि कोणी दाखवायला आणली तर त्यांना तसे स्पष्ट सांगतो.

एक गोष्ट आम्ही आग्रहाने पाळली आहे. नव्या, रोजच्या मालिकेतल्या गाड्या आम्ही छापील किमतीलाच विकतो आणि एका गिऱ्हाइकाला एका वेळी तीनच देतो. नव्या मालाचे खोके उघडताच दुर्मीळ गाड्या बाजूला काढून चौपट भावाने विकणारे लोक या छंदाचे नुकसान करत आहेत, असे आम्हाला मनापासून वाटते, कारण त्यामुळे शाळेतून येणाऱ्या मुलाच्या हाती रिकामा स्टँड उरतो. २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क वीसवरून साठ टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये सत्तरवर गेले. बाहेरून येणाऱ्या मोठ्या, १:१८ प्रमाणाच्या (खऱ्या गाडीच्या लांबीच्या अठराव्या भागाएवढ्या) गाड्या त्यानंतर आम्ही जवळजवळ बंद केल्या. जुन्या मालाच्या अदलाबदलीवर भर दिला, आणि तो निर्णय योग्य ठरला.

दर रविवारी सकाळी दहा ते एक दुकानातली मधली फळी रिकामी करून आम्ही ती अदलाबदलीसाठी देतो. त्यात आमची दलाली नसते. दोघांनी गाड्या मांडायच्या, एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि पटले तर बदलायच्या. डोंबिवलीचे काका आपले भिंग तिथेच ठेवून गेले आहेत. ते दोरीने फळीला बांधलेले आहे.