खुर्चीत खडू, हेल्मेटात शिंपल्या

लग्नाच्या हॉलमधली प्लास्टिकची खुर्ची कधी नीट बघितलीय का? पाठ जिथे वाकते तिथे, खास करून एखादे भरदार मामा टेकून बसले की, एक पांढरी रेघ उमटते आणि मग ती जातच नाही. आतली चुनखडीची पावडर तिथे प्लास्टिकपासून सुटलेली असते. प्लास्टिकमध्ये पावडर? हो, पीव्हीसीच्या पाइपातसुद्धा असते, आणि हे कळलं की लोक लगेच भेसळ भेसळ करून ओरडतात, पण तसं नाहीये ते. भज्यांच्या पिठात आपण मूठभर तांदळाचं पीठ घालतो ना, तसंच. पावडरीने प्लास्टिक ताठ होतं, पटकन लवत नाही (स्वस्तही होतं, कारखानदार आधी तेच बघतो, उगाच खोटं कशाला बोला). प्रमाण जास्त झालं की मात्र चिवटपणा जातो आणि खुर्ची वाकायच्याऐवजी सरळ मोडते, मामांसकट.

आता ही चुनखडी येते खाणीतून, डोंगर फोडून. आणि आपण रविवारी तिसऱ्यांचं सुकं खाऊन जी शिंपलं कचऱ्यात टाकतो त्यात साधारण ९५ टक्के तेच, कॅल्शियम कार्बोनेट! कोकणात पूर्वी शिंपल्या भट्टीत भाजून चुना करायचे, म्हणजे ही अक्कल काही नवी नाही. फक्त आता भाजायचं नाही, दळून प्लास्टिकमध्ये घालायचं.

जपानात तर हे करून मोकळे झालेत. होक्काइदोच्या पार उत्तरेला सारुफुत्सु नावाचं गाव आहे, तिथे स्कॅलप नावाच्या शिंपल्या इतक्या काढतात की टरफलांचे ढीग लागतात. ओसाकाच्या एका केमिकल कंपनीने ती टरफलं दळून रिसायकल प्लास्टिकमध्ये घातली आणि २०२२ मध्ये शेलमेट नावाचं हेल्मेट दाखवलं. त्याला वरून शिंपल्यासारख्याच पन्हाळ्या आहेत, त्यामुळे ताकद साधारण एक तृतीयांशाने वाढते असं ते म्हणतात.

दळणं म्हणजे मिक्सरमध्ये गरगर फिरवणं नव्हे हां. आधी चिकटलेलं मांस काढा, उकळा, कडकडीत वाळवा, नाहीतर साच्यात वाफ होऊन मालात बुडबुडे. मग मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक करा. त्यातही गंमत अशी की पावडरीला पाणी आवडतं आणि प्लास्टिक पडलं तेलकट, दोघांचं जमत नाही, म्हणून दाण्यांना स्टिअरिक ॲसिडचा, म्हणजे एका मेणचट स्निग्ध आम्लाचा, पातळ हात फिरवतात. तो नीट फिरला नाही तर पावडरीच्या गुठळ्या होतात आणि माल नेमका तिथून तडकतो.

मला मात्र राहून राहून हसू येतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मोत्याच्या शिंपल्याच्या आतला तो चकचकीत मोतिया थर बघा, अर्ध्या मायक्रॉनच्या जाडीच्या चकत्या एकावर एक रचलेल्या आणि मध्ये अगदी थोडं प्रोटीन, आणि एवढ्यावर तो नुसत्या खनिजापेक्षा हजारो पट चिवट. म्हणजे त्या जिवाने ९५ टक्के फिलर, म्हणजे ही भरीची पावडरच, घालून जे साधलं ते आपण आधी कुटून पीठ करतो, मग प्लास्टिकमध्ये कालवून 'बघा, मजबूत झालं' म्हणतो! आणि पर्यावरणपूरक वगैरे लेबलं लावतात ती मला फारशी पटत नाहीत, प्लास्टिक ते प्लास्टिकच राहिलं, खाणीतला दगड तेवढा वाचला.

मालवणात जमेल का हे? ढीग एका जागी पडत नाही ही खरी अडचण. घराघरातून मूठ मूठ गोळा करायची तर टेम्पोचं भाडंच पावडरीपेक्षा महाग पडायचं, खाणीतली चुनखडी फारच स्वस्त आहे हो. हॉटेलवाल्यांकडची पोती धरली तर मात्र हिशोब करून बघायला हरकत नाही.